आल्देमारसाहेबांची अकरा धर्मलेकरं

ताटं मांडून झाली होती, आख्याकोची, कोंबडी-बटाट्याच्या दाट रश्शाची, वाफ खिडकीच्या काचेवर चढली होती, आणि आल्देमारसाहेब केकचा खोका सांभाळत दारात उभे होते, तेव्हा येराल्दीननं जे केलं ते त्या घरात एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तिनं आपल्या धर्मबापाकडे, पाद्रिनोकडे, एकदा पाहिलं, आशीर्वादासाठी डोकं पुढे केलं नाही, "आलात?" एवढंही म्हटलं नाही, आणि सरळ न्हाणीघरात जाऊन आतून कडी घातली.

साहेब हसले. मोठ्या मनाची माणसं हसतात तसं, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं. पोरींचं वय असतं, म्हणाले, आणि केक टेबलावर ठेवून त्यांनी तिच्या बापाच्या, एफ्राईनच्या, खांद्यावर थोपटलं. एफ्राईनचे कान लाल झाले होते. ज्या माणसानं आपल्याला मळ्याच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लावलं, पोरीची शाळा संपताच तिला फुलांच्या प्रतवारीला घेतलं, बाप्तिस्म्याच्या दिवशी जिला कुंडावर स्वतःच्या हातांनी धरलं, त्या कोंपाद्रेचा, लेकीच्या धर्मबापाचा, आपल्याच छपराखाली असा अपमान... त्याला घास उतरेना. साहेबांना उतरत होता. त्यांनी दोन वाडगे संपवले, वर मलई मागून घेतली, आणि कोंबडी आज विशेष शिजली आहे असंही सांगितलं.

नुबिया पळी हातात धरून उभी होती. लेकीच्या बंद दाराकडे तिनं पाहिलंच नाही. ती पाहत होती नवऱ्याच्या खांद्यावर विसावलेल्या त्या गुबगुबीत, अंगठी घातलेल्या उजव्या हाताकडे. आणि तिच्या काळजात, खोल कुठेतरी, एकोणीस वर्षं घट्ट बसवून ठेवलेलं एक झाकण हललं...

साहेब गेले आणि कडी निघाली. येराल्दीन बाहेर आली ती तोंड धुऊन, रडत नव्हे. आणि तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं की गेले तीन आठवडे साहेब तिला खोकी मोजायला म्हणून शीतगृहात बोलावतात, तिथे मोजण्यासारखं काही नसतं, आणि दार ओढून घेतल्यावर त्यांचे हात कुठे फिरतात. ती "पाद्रिनो, काय करताय" म्हणून ओरडली, तर म्हणाले, पाद्रिनो रविवारी, कामावर साहेब.

"कुणाबद्दल बोलतेस, कळतंय का तुला?" एफ्राईनचा आवाज चिरकला. "देवासमोर धरलंय त्यानं तुला. माझ्याइतकाच बाप आहे तो तुझा."

आता बोलायचं होतं ते नुबियानं. एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं ते असं, की उद्याच्या डब्याला भात देऊ की मक्याचा आरेपा. पुढे कित्येक दिवस हे वाक्य आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे. भात की आरेपा! लेक बुडत होती आणि ही बाई काठावर उभी राहून डब्याची चौकशी करत होती.

येराल्दीन तिच्याकडे बघत राहिली. "बाबांना नवल वाटलं," ती सावकाश म्हणाली. "तुला नाही वाटलं, आई. तुला माहीत होतं."

दिवस मावळायच्या आत तिनं पिशवी भरली आणि चौकाजवळ मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. मळ्यावर मायलेकींची टेबलं समोरासमोर होती. सोमवारी येराल्दीननं आपलं टेबल बदलून घेतलं.

माहीत होतं... हो, नुबियाला सगळं माहीत होतं, तारीखवार. ती विसरणाऱ्यांतली नव्हतीच. कुणी कुणाच्या लग्नात किती वेळा वाढून घेतलं, कोणत्या बाईनं आजारपणाची रजा काढून कुठला बाजार केला, सुबाचोकेतल्या निम्म्या गावाची खतावणी तिच्या डोक्यात होती. फक्त तिचं स्वतःचं पान तिनं कुणाला दाखवलं नव्हतं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि आल्देमार नऊ नंबरच्या पॉलीहाऊसचा मुकादम होता. गुलाबाची दांडी किती उंच झाली ते बघायला तो बाईच्या मागे येऊन उभा राही. दांडी पुढे असे आणि हात भलतीकडे. बायकांचे उपाय ठरलेले होते. एकावर एक दोन पॅंटी घालायच्या, दाराजवळचा वाफा मागून घ्यायचा, संडासला जोडीनं जायचं, कच्चा कांदा खायचा. नुबियानं सगळे करून पाहिले. कांद्याचा तर तिला जन्माचा वीट आला. मग येराल्दीन झाली, बाळंतपणाची रजा झाली, आणि रजा संपली त्याच दिवशी तो हातही पुन्हा कामावर रुजू झाला. एफ्राईनला तेव्हा काम नव्हतं. नोकरी सोडणं म्हणजे तान्ह्या पोरीला घेऊन रस्त्यावर बसणं.

उपाय तिला सुचला तो पोरीला पाजताना. वरच्या डोंगरात, बोयाकातल्या तिच्या गावी, एक गोष्ट सगळ्यांच्या हाडात मुरलेली होती: जो तुमच्या लेकराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरतो तो त्याचा पाद्रिनो, तुमचा कोंपाद्रे, तुम्ही त्याची कोमाद्रे, आणि हे नातं सख्ख्या भावाबहिणीहून कडक. कोमाद्रेला वाईट हेतूनं शिवलेल्या माणसाला मेल्यावर माती घेत नाही, वर फेकून देते, असं बायका शपथेवर सांगत. आल्देमारही त्याच डोंगरातला. विजा चमकल्या की छातीवर क्रूस करणारा.

दुसऱ्या दिवशी, हातात छाटणीची कात्री तशीच धरून, तिनं त्याला विचारलं की माझ्या लेकीचे पाद्रिनो व्हाल का. तो फुलला. एफ्राईन तर हरखून गेला. प्रत्यक्ष मुकादम आपला कोंपाद्रे! बाप्तिस्म्याला एफ्राईननं उसना कोट घातला, आणि बाळाच्या कपाळावर पाणी पडलं त्या क्षणी तो हात थांबला... नळ बंद करावा तसा थांबला.

पण नळ बंद झाला म्हणून पाणी थोडंच आटतं? हात दोन वाफे पलीकडे सरकला. नुबियाला दिसत होतं. पलीकडच्या वाफ्यावरची नवी मुलगी एकाएकी दोन पॅंटी घालून येऊ लागली की नुबिया मान खाली घालून दांड्या कापू लागे, आणि मनाची समजूत घाली की मी माझं निस्तरलं, तिनं तिचं निस्तरावं. अशी मान खाली घालून एकोणीस वर्षं गेली. सोसलेल्या अपमानाची तिला आता आग होत नव्हती. आग होत होती ती या खाली घातलेल्या मानेची. आणि त्यावर कडी म्हणजे, येराल्दीनला मळ्यावर घेण्याची गोष्ट निघाली तेव्हा हीच बाई हो म्हणाली होती! जो कोमाद्रेला शिवला नाही तो धर्मलेकीला काय शिवणार, असा तिचा हिशेब. तो पुण्य म्हणून थांबला नव्हता, भीतीनं थांबला होता, आणि भीती माणसाबरोबर म्हातारी होते, हे तिच्या हिशेबात कुठेच धरलेलं नव्हतं. आल्देमार आता अख्ख्या मळ्याचा साहेब होता. बोगोतात त्याचा फ्लॅट होता. डोंगरातली माती फार लांब राहिली होती.

येराल्दीननं तक्रार दिली. कायद्यानं प्रत्येक मळ्यावर सलोखा समिती असते, तशी इथेही होती. दोघं कंपनीचे, दोघं कामगारांचे, आणि कंपनीच्या दोघांतले एक खुद्द आल्देमारसाहेब. तक्रार त्यांच्याविरुद्धच असल्यामुळे ते समितीतून बाजूला झाले, म्हणजे टेबलाजवळच्या खुर्चीवरून उठून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. समितीनं मुलीला विचारलं की अंगात काय घातलं होतं. निळा डगला, रबरी बूट आणि हातमोजे. तिन्ही कंपनीनंच दिलेले. साक्षीदार कोण? शीतगृहाला खिडकी नसते. पहिल्याच दिवशी का नाही आलीस? आणि आता, व्हॅलेंटाइनच्या ऐन हंगामात, जगभरच्या प्रेमिकांचे गुलाब खोळंबलेले असताना, आत्ताच का आलीस? शेवटी कळलं की तिनं फॉर्म भरला तो पांढरा. असल्या तक्रारीला हिरवा लागतो. तिनं हिरवा भरला.

हे सगळं चाललं त्या खोलीच्या भिंतीवर एक मोठी तसबीर होती. डिसेंबरात कंपनीनं साहेबांना माणुसकीचा पुरस्कार दिला होता, त्याची. मधोमध पांढऱ्या शर्टातले साहेब आणि भोवती त्यांची मळ्यावरची अकरा धर्मलेकरं, सगळ्यांत मोठी येराल्दीन, सगळ्यांत लहान कडेवरचं.

समितीचं मत पडलं की पाद्रिनोच्या नात्यात असा गैरसमज होऊ शकतो, तेव्हा हे घरगुती दिसतं. शुक्रवारी आईला बोलवू. जुनी कामगार आहे, साहेबांची कोमाद्रे आहे, ती सांगेल आणि विषय मिटेल.

निरोप द्यायला साहेब स्वतः नुबियाच्या टेबलापाशी आले. "कोमाद्रे, तुम्ही फक्त खरं सांगा," ते अगदी मृदू स्वरात म्हणाले. "एकोणीस वर्षांत मी तुमच्याकडे कधी वाकड्या नजरेनं पाहिलंय?"

पाहिलं नव्हतं. तीच तर गोम होती! जी ढाल तिनं स्वतःपुरती घडवली, तीच आता त्यांनी चारित्र्याचा दाखला म्हणून छातीवर लावली होती. घरी एफ्राईननंही तेच लावून धरलं: फक्त खरं सांग, नुबिया, पोरीचं डोकं ठिकाणावर येईल, माझी बस जाणार नाही. सगळ्यांना एकाएकी खऱ्याची हौस आली होती. नुबियाला इतका वैताग आला की तिनं त्याच्यापुढचं ताट अर्ध्यात उचललं.

शेजारच्या टेबलावर ओमाइरा होती. जिभेची तिखट, हाताची त्याहून. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या तसबिरीत डावीकडून तिसरा. गुलाबांची पानं खुडता खुडता नुबियानं सहज विचारावं तसं विचारलं, "ओमाइरा, तू तुझं पोर साहेबांच्या हातात का दिलंस गं?"

ओमाइरा पानं ओरबाडत राहिली. "तू का दिलीस?"

नुबियानं पुढची दांडी उचलली.  पंचवीस फुलांची एक जुडी बांधून झाली, दुसरी झाली... मग ओमाइराचे हात थांबले. तिनं नुबियाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हसायला लागली. पण त्या हसण्यात आनंदाचा कणही नव्हता.

"अगं बाई," ती म्हणाली, "आणि मी आजवर समजत होते की या मळ्यात डोकं फक्त मला दिलंय."

मग दोघींनी मिळून ती तसबीर मनातल्या मनात पुन्हा लावली. अकरा लेकरं. कचेरीतल्या एकाचंही नाही, माल चढवणाऱ्या पुरुषांपैकी एकाचंही नाही, साहेबांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही नाही. अकराच्या अकरा पॉलीहाऊसमधल्या बायकांची! अकरा जणींना, एकमेकींना न सांगता, आपापल्या एकट्या भेदरलेल्या अक्कलहुशारीनं तोच उपाय सुचला होता; प्रत्येकीनं आपल्या आणि त्या हाताच्या मध्ये आपलं तान्हं लेकरू उभं केलं होतं; प्रत्येकीनं ते गुपित लाजेनं पोटात घातलं होतं... आणि कंपनीनं त्याबद्दल त्याला पुरस्कार दिला होता.

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. नुबिया एकेकीला गाठत फिरली, संडासच्या रांगेत, बसच्या मागच्या बाकावर, कपडे वाळत घालताना. एक जण रडली. एकीनं तोंडावर दार लावलं. एक म्हणाली, नवऱ्याला कळलं तर माझा जीव घेईल. एक म्हणाली, मी विसरलेय, तूही विसर, आणि दोन तासांनी स्वतःच परत येऊन विचारू लागली की किती वाजता.

शुक्रवारी नुबिया समितीसमोर उभी राहिली. एफ्राईन तिला सोडायला आलेला, टोपी हातात घेऊन दाराशी थांबला होता. येराल्दीन भिंतीकडेच्या खुर्चीवर, मान वळवलेली. साहेब खिडकीशी. कामगारांच्या बाजूच्या बाईनं विचारलं की साहेबांचं तुमच्याशी वागणं कसं होतं.

"चांगलं," नुबिया म्हणाली. "माझी मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हापासून चांगलं. त्याच्या आधीचं विचारा."

 ती बोलत गेली. शब्द अडले नाहीत. ते आतमध्ये वर्षानुवर्षं रांग लावून उभेच होते. दांडी बघायचा बहाणा सांगितला, कांदा सांगितला, कात्री हातात धरून केलेली विनवणी सांगितली. या माणसाला आदरानं कोंपाद्रे केलं नाही, म्हणाली, भीतीनं केलं. भुकेल्या कुत्र्यापुढे दार ओढून घ्यावं तसं मी माझ्या लेकीला ओढून घेतलं माझ्यापुढे... आणि हे सांगताना पहिल्यांदा तिचे डोळे भरून वाहू लागले.

"कोमाद्रे," साहेब हळूच म्हणाले, "देवासमोरचं नातं आहे आपलं. जरा विचार करा."

"एकोणीस वर्षं तोच केला, साहेब." तिनं डगल्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. "यातल्या प्रत्येक लेकराची आई बोलवा. विचारा, त्यांना कोंपाद्रे का लागला. सहा जणी बाहेरच उभ्या आहेत. पाच मिनिटंच थांबतील म्हणाल्यात, फुलं उघडी पडलीत."

ओमाइरा दार ढकलून आत आली तीच कुरकुरत, की कुणी आत बोलावतंय की नाही. तिच्यामागे एक, मग एक... चौघी आल्या नाहीत, शेवटपर्यंत आल्या नाहीत. कंपनीचा माणूस म्हणाला की हे सगळं हिरव्या फॉर्मवर लागेल. ओमाइरानं त्याच्या टेबलावरून अख्खा गठ्ठाच उचलला.

बाहेर एफ्राईन रिकाम्या बसमध्ये चालकाच्या जागेवर बसून होता. किल्ली लावलेली, गाडी बंद. नुबिया पायरीवर चढली, तरी त्यानं मान वर केली नाही. जो कोट उसना घालून तो बाप्तिस्म्याच्या दिवशी ताठ मानेनं चर्चच्या पायऱ्या चढला होता, तो कोट जणू आत्ता अंगावरून कुणी ओरबाडून काढला होता. त्यानं एवढंच विचारलं: "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला मारलं असतं, नाहीतर मारलं नसतं," ती म्हणाली. "दोन्ही मला सोसलं नसतं."

त्या धिप्पाड माणसानं स्टीअरिंगवर कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. नुबियाला त्याची करुणा आली, रागही आला. पोरीनं सांगितलं तेव्हा हे रडू कुठे गेलं होतं? तिनं तसं विचारलंही.  त्या संध्याकाळी तो एकटाच चौकाजवळच्या खोलीवर गेला आणि बंद दाराबाहेर उभा राहून त्यानं लेकीची माफी मागितली. दार उघडलं. घरी मात्र ती आली नाही.

साहेब तीन आठवड्यांच्या रजेवर गेले आणि मग, प्रकृतीच्या कारणास्तव, त्यांनी राजीनामा दिल्याचा कागद फलकावर लागला. त्यांनी मळ्यासाठी जे केलं त्याबद्दल खाली आभारही होते. तसबीर निघाली, खिळा राहिला. येराल्दीनच्या आणि या सात जणींच्या हिरव्या फॉर्मांवर चौकशी चालू आहे, असं पत्र आलं. नुबियाला, कामाची फेररचना म्हणून, प्रतवारीवरून काढून कुजणाऱ्या दांड्यांच्या खतशेडमध्ये टाकलं. वीस वर्षं गुलाबांत काढलेली बाई आता त्यांच्या मड्यांवर फावडं चालवत होती. ती चिडली, भांडली, आणि फावडं आखूड दांड्याचं दिलं म्हणून बदलून आणलं.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, येराल्दीन खतशेडच्या दारात उभी राहिली. डबा हातात. वासानं तिनं नाक मुरडलं, आत आली, उलट्या घातलेल्या क्रेटवर बसली, आणि डबा न उघडताच बोलली.

"दहा जणींच्या दारात गेलीस, आई. प्रत्येकीला विचारलंस, तुझ्याशी काय झालं. ओमाइरामावशीनं सांगितलं मला." तिचा आवाज घट्ट होता, आणि मग राहिला नाही. "मला नाही विचारलंस. एकदाही नाही."

नुबियाच्या हातातलं फावडं तिथेच राहिलं. खरंच की... समितीत गेली, बसमध्ये भांडली, अख्खा मळा पालथा घातला, आणि ज्या एका दाराशी जायचं होतं त्या दारावरून रोज बसनं पुढे गेली. का? विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. त्या भात आणि आरेप्याच्या मागेही हेच लपलेलं होतं. दुसऱ्यांच्या लेकींचं तिला ऐकवत होतं. हिचं, आपण स्वतःच्या हातांनी त्याच्या ओंजळीत ठेवलेल्या या जिवाचं, तिला ऐकवणार नव्हतं.

तिनं हातमोजे काढले. लेकीसमोर त्या घाणीतच बसली.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. काय झालं होतं?"

येराल्दीन सांगू लागली. आधी अडखळत, मग सलग. कोणता वार होता, शीतगृहाचा दिवा कसा लुकलुकत होता, तो काय म्हणाला, तिनं कशाला घट्ट धरून ठेवलं होतं, आणि बाहेर आल्यावर तिला आपल्याच आईच्या टेबलाकडे कसं बघवलं नाही. नुबिया मध्ये बोलली नाही, समजूत घातली नाही, मान खाली घातली नाही. डोळ्यांतलं पाणी पुसलंसुद्धा नाही, लेकीवरून नजर हलेल म्हणून.

भोंगा वाजला. शेडचा नवा मुकादम दारातून ओरडला की सुट्टी संपली. नुबियानं मागे न बघता, वैतागून, हात वर करून त्याला थांबवलं. आणि लेक बोलत राहिली.